हंडा, सिलिंडर आणि वीस किलोचा रॉड

मोंढ्यावरून थेट माझ्याकडे येणारा हमाल खुर्ची दिली तरी बसत नाही. बसलं की उठताना कळ निघते, हे त्याला ठाऊक असतं. शर्टावर सोयाबीनचा भुसा, मानेच्या बुडाशी घट्टा, हातात पिशवीत गुंडाळलेली एमआरआयची फिल्म. “मणक्यात गॅप सांगितलाय मॅडम. चार दिवस लाइट लावा, एक बेल्ट द्या.” मी आधी त्याला तपासते. पायातली ताकद, बधिरपणा, लघवीवरचा ताबा, रात्रीचा ताप, उतरलेलं वजन, सगळं विचारून घेते. काळजीचं काही निघालं नाही तर कोपऱ्यातली दहा किलोची वाळूची पिशवी जमिनीवरून सावकाश उचलायला सांगते. तेव्हा तो ज्या नजरेनं बघतो ती आता माझ्या सवयीची झाली आहे. “दिवसभर पन्नास किलोची पोती उचलतो मी. मंग ही एवढीशी पिशवी उचलून काय होणार?”

हाच प्रश्न माझ्या सासूबाई वेगळ्या शब्दांत विचारायच्या. पाणी भरायचं, धुणं, दोन्ही वेळचा स्वयंपाक, दोन लेकरं, वर दवाखाना. एवढं सगळं करून बाईमाणसाला आणखी वेगळा व्यायाम कशाला? प्रश्न रास्त आहे. कॉलेजच्या पुस्तकांत त्याचं उत्तर होतं, पण ते मला खऱ्या अर्थानं पटलं ते माझ्याच कमरेमुळे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. जुन्या जालन्यात, गांधी चमनपासून आत शिरणाऱ्या एका गल्लीत खाली दवाखाना आणि वर घर. कुंडलिका नदीच्या अलीकडे आम्ही, रेल्वे स्टेशन आणि आनंदीस्वामींचं मंदिर. पलीकडे नवा जालना, बाजारपेठ. शहराबाहेर सळयांचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या. म्हणायला ‘जालना, सोने का पालना’, पण माझ्या टेबलावर येऊन झोपतं ते लोखंड, सरकी आणि पाणी उचलून थकलेलं गाव.

माझी कंबर दुसऱ्या बाळंतपणानंतर दुखायला लागली. सगळ्याच बाळंतिणींची दुखते, राहील, असं वाटलं होतं. राहिली नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला वैद्यकात जुनाट म्हणतात. त्या हिशेबानं माझं दुखणं आता शाळेत घालायच्या वयाचं आहे. सकाळी उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या रेट्यानं बसायचं. हे मी पेशंटना शिकवत होतेच, आता स्वतःसाठी करू लागले. तपासणीत चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलेली दिसली. ज्यांना फिल्म दाखवली त्यांनी सांगितलं, पाच किलोपेक्षा जास्त काही उचलायचं नाही. मुलगी तेव्हा माझ्या कडेवरच होती. तिचं वजन नऊ किलोच्या पुढे गेलेलं.

घरी येऊन मी पाच किलोंत आमच्या घरातलं काय काय बसतं ते पाहिलं. पंधरा लिटरचा हंडा भरला की पाण्याचेच पंधरा किलो, हंड्याचं वजन वेगळं. सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, पण टाकीसकट तो तीसच्या आसपास जातो. गव्हाचा डबा, ओल्या चादरींची बादली, तेलाचा डबा, झोपलेलं मूल. पाच किलोंत बसणारं म्हणजे कुकर, दप्तर आणि देवघर. जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी वेळ कोणतीही असो, हातातलं टाकून ड्रम, टाकी, हंडे, अगदी पातेल्यांपर्यंत सगळं भरून घ्यायचं असतं. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरमागे धावलेल्या कित्येक बायका आज माझ्या पेशंट आहेत, आणि हंडा भरलेला नसला की त्यांना अजून झोप लागत नाही. अशा गावात ‘उचलू नका’ हा सल्ला देणं सोपं, पाळणं अशक्य. शिवाय त्यातून एक भलतीच गोष्ट होते. उचलावं तर लागतंच, पण प्रत्येक वेळी भीत भीत, श्वास कोंडून, अंग आखडून उचललं जातं.

‘मणक्यात गॅप’ या दोन शब्दांनी मराठवाड्यात जेवढी माणसं अंथरुणाला खिळवली असतील तेवढी प्रत्यक्ष गादीनं खिळवली नसतील, असं माझं मत आहे. काहीही दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतल्या विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजू लागलेल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्यांमध्ये हे प्रमाण ९६ टक्के. फुगलेली गादी विशीत ३० टक्क्यांना. म्हणजे केस पिकावेत तशा गाद्याही पिकतात, आणि पिकलेली प्रत्येक गादी दुखतेच असं नाही. गादी सरकून नस दाबली जाते, पाय लुळा पडतो, ऑपरेशन लागतं, असे पेशंटही मी पाहिले आहेत आणि त्यांना एक दिवसही न थांबवता पुढे पाठवलं आहे. पण बहुतेकांचं दुखणं तसं नसतं. दुखापत केव्हाच भरून आलेली असते आणि मज्जासंस्था मात्र गल्लीतल्या कुत्र्यासारखी, चोर निघून गेला तरी भुंकत राहते. दुखणं खोटं आहे असा याचा अर्थ होत नाही. ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. भुंकणं खरंच ऐकू येत असतं. झोप मोडते ती खरी मोडते.

पण भुंकणं थांबेपर्यंत घराबाहेर पडायचंच नाही असं ठरवलं, तर कुणीच कधी बाहेर पडणार नाही.

हमालाला मी जे उत्तर देते ते असं. पोतं उचलताना वजन कोण ठरवतं? व्यापारी. किती पोती? आलेला ट्रक. वेग? पुढचा ट्रक. कोणत्या बाजूनं उचलायचं हे थप्पी ठरवते, आणि कधी थांबायचं हे संध्याकाळ. कंबर धरलेल्या दिवशी पन्नास किलोचं पोतं पंचवीसचं होत नाही. वाळूची पिशवी उचलताना मात्र यातलं सगळं तो ठरवतो. आज दहा किलो, दहा वेळा, मग दोन मिनिटं बसायचं, पुन्हा दहा. दुखलं तर आठ किलो. आठवडाभर बरं गेलं तर बारा. एक दिवस आड, म्हणजे मधल्या दिवशी स्नायूंना भरून यायला सवड. श्रमात आणि सरावात फरक आहे तो एवढाच, पण जुनाट दुखण्याच्या माणसाला नेमका तोच हवा असतो. ‘मी हे उचललं, आणि काही बिघडलं नाही’ हा अनुभव त्याच्या मेंदूला पुन्हा पुन्हा यावा लागतो, आणि तो घाईत, भीतीत, दमलेल्या अंगानं येत नाही.

कायद्यानंही ओझ्याचा विचार केला आहे, पण वरच्या टोकाकडून. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ साली प्रौढ पुरुषानं एकट्यानं वाहायच्या ओझ्याबद्दल ५५ किलोंची रेघ आखली. आपल्याकडे हमालांसाठी १९६९चा माथाडी कायदा झाला. क्विंटलभराची पोती पाठीवर घेतलेली पिढी अजून जालन्यात आहे, त्यांच्या वाकलेल्या पाठी पाहिल्या की या मर्यादेचं मोल समजतं. पण जास्तीत जास्त किती, हे ठरल्यानं ‘कितीपासून सुरुवात’ हे ठरत नाही. ते ज्याचं त्याला शोधावं लागतं.

मी माझं शोधायला घेतलं तेव्हा जिममध्ये जाण्याचा प्रश्नच नव्हता. वेळ नव्हता आणि ज्या जिम होत्या तिथे संध्याकाळी पोरांची गर्दी, भिंतभर आरसे आणि कानठळ्या बसवणारी गाणी. आधी पाच किलोची आट्याची थैली, मग वाळूच्या पिशव्या. त्यानंतर नवऱ्यानं कुठूनतरी जुना वीस किलोचा रॉड आणि प्लेटा आणल्या. प्लेटा किलोच्या भावानं मिळतात हे मला तेव्हा कळलं. सासूबाईंनी तो रॉड पाहून विचारलं, पडद्याला एवढा जाड कशाला आणला?

दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा खालच्या खोलीत मी उचलते. सकाळी नाही, कारण सकाळी माझी कंबर लाकूड असते. पाय खांद्याइतके रुंद, रॉड नडगीला चिकटून. वाकायचं ते कमरेतून मोडून नाही. खुबे मागे ढकलायचे, गुडघे थोडे सैल सोडायचे. रानात दिवसभर खुरपणाऱ्या बाईला ही हालचाल शिकवावी लागत नाही, शहरातल्या शिक्षिकेला ती शिकवायला दोन आठवडे लागतात. मग श्वास भरून घ्यायचा, पोट घट्ट करायचं आणि जमीन पायांनी खाली दाबत उभं राहायचं. पहिल्या एक-दोन उचलींना कंबर कुरकुरते. चौथ्या-पाचव्या उचलीपर्यंत ती बहुधा गप्प होते, आणि कधी कधी होत नाही. मी पेशंटना सांगते तोच नियम मलाही: दहापैकी चार-पाचपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी वजन कमी. बंद नाही, कमी.

‘दहाचे तीन सेट’ हे कुणी ठरवलं, असं मुलानं एकदा विचारलं. याचं उत्तर मला सांगायला आवडतं. थॉमस डिलॉर्म नावाचा अमेरिकन लष्करातला डॉक्टर. लहानपणी संधिवाताच्या तापानं अंथरुणावर पडला होता, त्यातून उठल्यावर वजनं उचलून अंग कमावलं. दुसऱ्या महायुद्धात पाय जायबंदी झालेले सैनिक त्याच्याकडे आले. तेव्हाची रीत विश्रांतीची आणि हलक्या, न संपणाऱ्या हालचालींची. डिलॉर्मनं उलट त्यांना जड वजनं दिली, मोजून दिली आणि दर आठवड्याला वाढवत नेली. १९४५ साली त्यानं ते लिहून काढलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याचं सूत्र दहाच्या तीन फेऱ्यांवर येऊन ठरलं. आज जालन्यातल्या कुठल्याही जिममध्ये भिंतीवर जो तक्ता चिकटवलेला असतो त्याचं मूळ जखमी सैनिकांच्या वॉर्डात आहे. धडधाकट पोरांनी ती पद्धत नंतर उचलली, आणि दुखऱ्या माणसांना मात्र ती आपली वाटेनाशी झाली, याची मला मौज वाटते.

मुलगा या सगळ्यात माझा हिशेबनीस आहे. वहीत तारीख, किलो, किती वेळा, आणि शेवटच्या रकान्यात ‘आई किती ओरडली’. मोजताना तो बदमाशी करतो, सातनंतर पुन्हा सहा म्हणतो. मुलगी मी जोर काढायला लागले की पाठीवर बसते. तिला ते हक्काचं आसन वाटतं. मुलं आईला दुखताना बघत मोठी होतात याची मला मोठी धास्ती होती. कंबर पूर्ण धरली होती तेव्हा मी मुलीचे बूट बांधू शकत नव्हते. ती पायरीवर पाय पुढे करून बसायची, मी भिंतीला टेकून उभी, आणि मग काही न बोलता ती आत जाऊन आजीला बोलावून आणायची. आता वाईट दिवस आले तर ती वही उघडून मागचं पान दाखवते. मागच्या वेळी पण असंच झालं होतं, मग तू पुन्हा वीस उचललेस, हे तिनं अक्षरं नीट वाचता येण्याआधीच पाठ केलेलं.

वाईट दिवस येतात, हे मी पेशंटपासून लपवत नाही. कंबरदुखीवर व्यायामाचा किती उपयोग होतो याचा २०२१ साली २४९ प्रयोगांवरून मोठा आढावा निघाला. व्यायाम न केलेल्यांपेक्षा केलेल्यांचं दुखणं सरासरी शंभरपैकी पंधरा गुणांनी कमी. फक्त पंधरा. ज्याला शंभरच्या शंभर जायला हवेत तो हे ऐकून उठून जातो आणि नस चोळणाऱ्याकडे जातो. मला ते पंधरा पुरले. शिवाय त्या पंधरांत एक गोष्ट मोजलेली नाही. दुखणं तेवढंच असतानाही मी आता सिलिंडर सरकवते, झोपलेली मुलगी गाडीतून वर नेते, आणि पाणी आलं की घाबरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम आणि समजावून सांगणं यांना त्यात जागा आहे. पट्टे आणि ताण देणारी यंत्रं नेहमीच्या उपचारात नकोत, असं त्या सांगतात. माझ्या कपाटातले बेल्ट अजून खपतात. मागणारा मागतोच, आणि दोन दिवस लग्नाला जाताना बांधायला मी देतेही.

आमच्या जिल्ह्याला ताकदीचं वावडं आहे असं कुणी म्हणणार नाही. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला, आणि बलोपासना म्हटलं की इथला माणूस छाती फुगवून बाराशे सूर्यनमस्कारांची परंपरेनं आलेली गोष्ट सांगतो. डिसेंबर २०१८मध्ये महाराष्ट्र केसरी जालन्यात भरली. बुलढाण्याच्या बाला रफिक शेखनं अभिजीत कटकेला हरवून गदा घेतली तेव्हा आमची गल्ली त्यावर चार दिवस बोलत होती. ताकद म्हणजे गदा, लंगोट आणि तांबडी माती, असं चित्र त्या चार दिवसांत आणखी पक्कं झालं. बायकांसाठी महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ उजाडावं लागलं. सांगलीत प्रतीक्षा बागडीनं ती पहिली गदा जिंकली. तिचा फोटो मी दवाखान्यात लावला आहे. एका काकूंनी तो बघून विचारलं, “ही तुमची पेशंट का?”

त्या काकूच आमच्या बायकांच्या बॅचमधल्या पहिल्या. बियाण्यांच्या निवडीवर बसून बसून खुबे आखडलेल्या. नंतर एक शिक्षिका आली, मग दोघी जावा, मग मोतीबागेत सकाळी फिरणाऱ्यांपैकी काही. मोतीबागेत फिरणं चांगलंच, पण फिरण्यानं हंडा हलका होत नाही. आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम हवा, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही तेवढेच दोन दिवस धरले. दुपारी तीनची वेळ, कारण चारला शाळा सुटतात. पहिले काही दिवस साडीचा पदर खोचून. मग एकीनं मुलाची ट्रॅकपँट घातली आणि महिनाभरात सगळ्यांच्या घरच्या ट्रॅकपँट गायब झाल्या. वजन घेताना बोलायचं नाही असा नियम केला होता, तो टिकला नाही. उलट माझ्या लक्षात आलं की बोलणारी बाई श्वास कोंडत नाही. आता मीच बोलायला लावते, भाजीचा भाव विचारते.

सासूबाईंनी व्यायामाला अजून मान्यता दिलेली नाही. त्या खुर्चीवरून हात न टेकता उठतात आणि बसतात, दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा. गुडघ्यासाठी करते म्हणतात. त्याला बैठक म्हणायचं नाही, असं मी पोरांना बजावून ठेवलं आहे.

सध्या आमच्यात वाद चालू आहे तो दिवाळीचा. माझ्याकडे कंबरदुखीची सर्वांत मोठी गर्दी दिवाळीनंतरच्या आठवड्यात होते. जाळीजळमटं, माळ्यावरची भांडी, गाद्या गच्चीत नेऊन आणायच्या, आणि मग चकल्या पाडत तासन्‌तास मांडी घालून बसायचं. वर्षभर ज्यांनी काहीच उचललेलं नसतं त्यांच्यावर चार दिवसांत वर्षाचं ओझं येतं. बॅचमधल्या बहुतेकींचं म्हणणं, दिवाळीचे पंधरा दिवस सुट्टी द्या, घरीच एवढं होतं. काकू मात्र अडून बसल्या आहेत. त्यांच्या मते सुट्टी दिली तर परत कोणी येणार नाही, आणि घरून निघायला निमित्तही उरणार नाही. माझाही कौल त्यांच्याकडे आहे. वेळ रात्री नऊची करू, वजनं निम्म्यावर आणू, प्रत्येकीनं फक्त दोनच प्रकार करायचे. गाद्या गच्चीत न्यायच्या दिवशी कुणी आलं नाही तरी चालेल, पण त्या दिवशी गाद्या नवऱ्याला आणि पोरांना उचलायला लावायच्या. यावर शिक्षिकाबाई म्हणाल्या, त्यापेक्षा मी चाळीस किलो उचलते.